विषाला दोष देण्याआधी

ताळगाव, गोवा

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

कोनोटॉक्सिन (शंकूसारखा शंख असलेल्या समुद्री गोगलगाईचं विष) सोडूनही पेशीतला कॅल्शियम करंट, म्हणजे कॅल्शियमच्या चॅनेलमधून (पेशीच्या पडद्यातल्या वाटांतून) वाहणारा विद्युतप्रवाह, हलला नाही म्हणून तू माल पुरवणाऱ्यावर चिडलायस. त्याला फोन करण्याआधी तुझी नळी आणि द्रावणं तपास.

तुझं जीव्हीआयए म्हणजे कोनस जिऑग्राफस या गोगलगाईचं विष, एक पेप्टाइड (छोटं प्रथिन): २७ अमिनो आम्लं, त्यांची घडी धरून ठेवणारे तीन डायसल्फाइड बंध. रेणुभार साधारण ३०३७, म्हणून १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ३२९ मायक्रोलिटर पाणी घातलं की १०० मायक्रोमोलर स्टॉक (पुढे पातळ करायचं मूळ द्रावण) होतो. फक्त ते वजन निव्वळ पेप्टाइडचं आहे की क्षार-ओलाव्यासकट, हे सोबतच्या कागदावर बघ. दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला ठेव, एकदा वितळलेलं परत गोठवू नकोस. डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी जवळपाससुद्धा नको. बंध तुटले की विष कामातून गेलं.

खरा चोर बहुधा प्लॅस्टिक असतं. नॅनोमोलर पातळीवर हे पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटतं आणि पेशीपर्यंत नुसतं द्रावण पोचतं. भिंतीवरची जागा आधीच व्यापणारं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) ०.१ टक्का घाल, आणि कंट्रोलच्या द्रावणातही तेवढंच घाल.

दुसरा संशय बेरियमवर. करंट मोठा दिसावा म्हणून लोक बाहेरच्या द्रावणात कॅल्शियमऐवजी घातलेलं बेरियम वाढवत नेतात, आणि मग विष चॅनेलवर हळूहळू बसतं. ५ मिलिमोलर पुरे. बाहेर टीटीएक्स (सोडियमचा करंट थांबवायला) आणि टीईए (पोटॅशियमचा), पेशीला लावलेल्या पिपेटमध्ये सीझियम (तेही पोटॅशियमसाठी), १० मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं) आणि ४ मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी (पेशीचं इंधन). एटीपी विसरलास तर करंट आपोआप ओसरतो आणि ती घसरण विषाची करामत वाटते. म्हणून उणे ८० वरून शून्य मिलिव्होल्टला दर १० सेकंदांनी पल्स दे, रेषा पाच मिनिटं सपाट राहिली तरच १ मायक्रोमोलर विष सोड.

उंदराच्या डीआरजी पेशीत (पाठीच्या कण्याजवळच्या संवेदी चेतापेशीत) करंट पूर्ण बंद होण्याची वाट पाहू नकोस. कॅल्शियम चॅनेलच्या प्रकारांपैकी हे विष फक्त एन-टाइप अडवतं. एल, पी/क्यू, आर हे बाकीचे उरतातच. शेवटी हे सगळेच चॅनेल अडवणारं कॅडमियम २०० मायक्रोमोलर देऊन जे उरेल ते वजा कर, नाहीतर गळतीलाच करंट समजून बसशील. आणि जीव्हीआयए प्रयोगाच्या वेळात धुऊन निघत नाही: एका डिशमध्ये एकच पेशी, मग डिश बाद. धुऊन परत आणायचं असेल तर कोनस मॅगस या दुसऱ्या गोगलगाईचं विष एमव्हीआयआयए घे. त्याचंच कृत्रिम रूप झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध. २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेही थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात द्यायचं, सुरुवात दिवसाला फार तर २.४ मायक्रोग्रॅमने. डोस भराभर वाढवला की गोंधळ आणि भास. चॅनेल अचूक ओळखलं म्हणून औषध निर्धोक होतं असं नाही.

ग्रांदे बेटावर मुलांना नेणार आहेस, तर एक सांगून ठेव: जिवंत शंकूसारखा शंख रुंद टोकाकडून धरला तरी हात सुरक्षित नाही, दंश करणारी सोंड मागेही वळते. विषावर उतारा नाही. श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वास चालू ठेवून हॉस्पिटल गाठायचं.

बेरियम किती आणि नळी कसली, एवढं लगेच कळव.

तुझा,
विनायक