जिम नको, पाण्याच्या दोन लाइनी द्या

मा. संपादक,
स. न.

दसरा-पाडव्याच्या तोंडावर पुरवण्यांमध्ये नव्या अपार्टमेंटच्या पानपानभर जाहिराती येतात. जिम, क्लब हाऊस, बगीचा, गेटवर कारंजे. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीत फ्लॅट किरायाने बघायला आलेला माणूस मात्र आधी विचारतो, नळ कितव्या दिवशी येतो आणि खालची टाकी केवढी आहे? याचे उत्तर एकाही जाहिरातीत सापडत नाही. इमारतींच्या नळजोडणीची कामे करणाऱ्याच्या नजरेतून चार गोष्टी मांडतो.

सोळा फ्लॅटची इमारत धरा. घरटी चार माणसे म्हणजे ६४. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे, पण आपल्याकडची काटकसर गृहीत धरून १०० च धरू. रोजचे ६,४०० लिटर झाले. नळ दर सहा दिवसांनी येत असेल तर ३८,४०० लिटर साठवण हवी. प्रत्यक्षात १० बाय १० फुटांची, आठ फूट पाणी मावेल अशी टाकी बांधलेली असते. तिच्यात साधारण २२,६०० लिटर बसतात. म्हणजे साडेतीन दिवस. चौथ्या दिवशी टँकर येणार हे नकाशा काढला त्याच दिवशी ठरलेले असते. मग उन्हाळ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

टाकी मोठी करायला आता जागा नाही, असे जुन्या इमारतींचे मालक सांगतात. ते खरेही असते. त्यांनी निदान पाणी वेगळे करावे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर पुरतात. ६४ माणसांना सहा दिवसांचे ३,८४० लिटर. म्हणजे नळाच्या पाण्यासाठी पाच हजार लिटरची वेगळी प्लास्टिकची टाकी, अर्ध्या एचपीची मोटर, गच्चीवर एक छोटी टाकी आणि डक्टमधून प्रत्येक किचनपर्यंत एक पाइप एवढ्यात काम भागते. फ्लश, धुणे, फरशी आणि कूलर बोअरच्या लाइनवर ठेवायचे. आज होते काय, तर नळ, बोअर आणि टँकर तिन्ही एकाच टाकीत रिकामे होतात आणि नळाचे चांगले पाणीही जड होऊन बसते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी किती भरते, ते गीझरच्या कॉइलवर चढलेला पांढरा थर बघून कळते.

या कामात एकच पथ्य कडक पाळायचे. दोन लाइनींच्या मध्ये 'अडीनडीला असू द्या' म्हणून बायपास कॉक बसवू नये. वॉचमन बदलला की तो कॉक कोणीतरी उघडतोच, आणि बोअर किचनमध्ये जाते.

काळ्या मातीतल्या टाकीची तब्येतही बघायला हवी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर टाकीची भिंतही चिरते. टाकी भरलेली असताना पाणी बाहेर जाते. पातळी उतरली की त्याच चिरेतून बाहेरचे आत येते, आणि ड्रेनेजचा चेंबर टाकीला खेटून असेल तर काय येते हे सांगायला नको. रात्री मोटर आणि कॉक बंद करून पातळीवर पेन्सिलने खूण करावी. सकाळी पाणी खुणेखाली गेलेले दिसले तर आधी गळती काढावी, मग टँकर मागवावा. गळका फ्लश तर घरबसल्या सापडतो. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला म्हणून समजा.

पाण्याखालोखाल कूलर. किरायादार एसी घेऊन फिरत नाही, त्याचा मे महिना कूलरवर निघतो. पण हल्लीच्या स्लायडिंग खिडक्या अर्ध्याच उघडतात. कूलर लावला की उरलेल्या फटीत पुठ्ठे कोंबायचे आणि वायर आतल्या बोर्डापर्यंत लोंबकळत न्यायची. साठ लिटरचा कूलर पाण्यासकट नव्वद किलोच्या आसपास जातो, तो विटेत ठोकलेल्या खिळ्यांवर टिकत नाही. खिडकीबाहेर अँगलचा पक्का स्टँड, शेजारी अर्थिंगसह एक प्लग, बोअरच्या लाइनचा एक नळ आणि खाली पाणी सोडायला निचरा एवढे प्लास्टरच्या आधी करून ठेवले तर खर्च किरकोळ येतो. शिवाय समोरची खिडकी थोडी उघडी राहायला हवी. हवेला वाट नसेल तर खोली थंड होत नाही, नुसती दमट होते.

शॉकचा विषय गंभीर आहे. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात राहून सोलते आणि पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग नसेल तर तो एमसीबी पाडण्याइतका नसतो, पण माणसाला पुरेसा असतो. म्हणून प्रत्येक फ्लॅटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवी. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे.

विजेचे मीटर प्रत्येक घराचे स्वतंत्र असावे. तीन खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिट जाळले आणि मीटर एकच असले तर २७० युनिट होतात. त्यातले १७० युनिट शंभरच्या वरच्या, महाग टप्प्यात जातात. वेगवेगळ्या मीटरवर तिघेही पहिल्या टप्प्यातच राहिले असते. सबमीटर लावून हा फरक मिटत नाही, तो फक्त वाटला जातो. लातुरात शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांमध्ये हे सर्रास चालते.

गच्चीची किल्ली किरायादाराला का देत नाहीत, हे एक कोडेच आहे. कुरडया-पापडाचे वाळवण तोही घालतो. मालक स्वतः न राहता फ्लॅट किरायाने देतो म्हणून लावले जाणारे बिनभोगवटा शुल्क सोसायटीने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावायचे नाही, हा नियमही अनेक कमिट्यांच्या गावी नसतो.

बिल्डर आणि मालकांना विनंती आहे की जाहिरातीत तीन ओळी वाढवा : टाकीची लिटरमधली क्षमता व फ्लॅटची संख्या, किचनला नळाची वेगळी लाइन आहे की नाही, आणि मीटर स्वतंत्र आहे की नाही. ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तरी हे सांगावे लागू नये. किरायादारांनीही करारात टँकरचा खर्च कोणाकडे, हे लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबाबत किरायादाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

– एक प्लंबिंग ठेकेदार, छत्रपती संभाजीनगर