निधी कुठे जातो, हे मतांचा आकडा ठरवतो

महोदय,

लोकप्रतिनिधी सर्वांच्या उपयोगाची कामे सोडून आपापल्या मतदारसंघाकडे निधी ओढतात, अशी पत्रे या सदरात नेहमी येतात. उपायही ठरलेला: जनहिताची चाड असलेली माणसे निवडून द्या. हिशेब मांडला तर हा उपाय एका ठिकाणी चक्क उलटा पडतो.

बॅरन आणि फेरेजॉन या अमेरिकी अभ्यासकांनी सभागृहातील निधीवाटपाच्या सौदेबाजीसाठी १९८९मध्ये मांडलेली चौकट घेऊ आणि तीत सर्वांच्या उपयोगाच्या सामायिक कामाची भर घालू. सभागृहात पाच सदस्य, निधीचे १०० वाटे. चिठ्ठीत नाव निघेल तो प्रस्ताव मांडणार, दुरुस्तीला वाव नाही, मंजुरीला तीन मते. प्रस्ताव पडला तर पुन्हा चिठ्ठी. पण मिळणाऱ्या लाभाची किंमत विलंबामुळे ८० टक्क्यांवर येते. मतदारसंघात एक वाटा गेला की तिथल्या सदस्याला १ लाभ. सामायिक कामात गेला की पाचही जणांना प्रत्येकी ०.३, म्हणजे एकूण दीड. खरे तर सगळा निधी तिकडेच जायला हवा. जात नाही, कारण प्रस्तावकाला जुळवायची आहेत स्वतःचे धरून तीनच मते, आणि तीन गुणिले ०.३ होतात ०.९. एकापेक्षा कमी! मग तो दोघांना १६-१६ वाटे देतो, ६८ स्वतःकडे ठेवतो. उरलेले दोघे कोरडेच. (१६ का? प्रस्ताव पाडला तर पुढच्या फेरीत सरासरी २० पदरात पडतील, त्याचे ८० टक्के.)

सामायिक कामाचा लाभ ०.४ धरला की तिघांचा मिळून १.२ होतो. आता त्याच कामातून मते स्वस्तात मिळतात, म्हणून ६६.७ वाटे तिकडे जातात. गंमत पुढे आहे. सदस्यांना तेच काम आणखी मोलाचे वाटू लागले, समजा ०.६ इतके, तर तरतूद ५७.१वर घसरते! थोड्या कामातच त्यांचे समाधान होते आणि वाचलेले वाटे प्रस्तावक आपल्या मतदारसंघात नेतो.

त्यामुळे आधी मंजुरीची अट पाहावी. पाचपैकी चार मते लागणार असतील तर ०.३ लाभाच्या कामालाही ७२.७ वाटे मिळतात. एकमतापर्यंत मात्र जाऊ नये. प्रत्यक्षात अडवून धरणाऱ्या एकट्याचा भाव वधारतो. चार मतांच्या अटीतही प्रस्तावकाकडे २७.३ वाटे राहतातच. ते कमी करायचे तर दुरुस्ती मांडण्याची मुभा हवी, आणि मग मंजुरी लांबण्याची तयारीही.

– एक अभ्यासक