कमलताई रणदिवे यांना, खारघरच्या प्रयोगशाळेतून

आदरणीय कमलताई,
सादर नमस्कार.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं एक पान असतं. त्यात मार्गदर्शक येतात, सहकारी येतात, शिष्यवृत्ती देणारी संस्था आणि आईवडील येतात. कर्करोगावरचं संशोधन मुळात मुंबईत करता यावं म्हणून आधीच्या पिढीत कोणी काय उभं केलं, ते लिहायची तिथे पद्धत नाही. ते उभं करणाऱ्यांत तुम्ही होतात, म्हणून हे पत्र वेगळं लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण माझ्या क्षेत्रातल्या कितीतरी तरुण मुलांना तुमचं नाव कळलं ते ८ नोव्हेंबर २०२१ ला, तुमच्या जन्मदिवशी गूगलच्या पानावर तुमचं चित्र झळकलं तेव्हा. ते याहून खूप आधी कळायला हवं होतं.

मी रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करते. तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींमधली जनुकं वाचायची आणि या गाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला कशा चकवतात ते शोधायचं, हे माझं काम. तुमच्या काळात या कामाला नाव नव्हतं. पण त्याच्या दोन्ही टोकांना तुम्ही हात घातला होता, हे मला तुमच्या प्रयोगांतल्या उंदरांबद्दल वाचताना उमगलं.

तुम्ही हुजूरपागेतून आणि फर्ग्युसनमधून शिकलात. वडिलांना तुम्हाला डॉक्टर करायचं होतं. तुम्ही १९४३ मध्ये एम.एस्सी. केलंत ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत परळला, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली, थेट स्तनाच्या कर्करोगावर. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. झाडांच्या गुणसूत्रांपासून उंदरांच्या गाठींपर्यंतची ही वाट तेव्हा कोणाला विचित्र वाटली असेल. मला ती अगदी सरळ वाटते, कारण प्रश्न एकच होता: पेशीच्या आत काय वारशाने येतं, आणि काय बाहेरून येऊन बिघडतं?

उंदरांच्या काही वाणांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाचा कर्करोग होतो. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी अशा वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, आणि त्यांच्यातला कर्करोग घटला. म्हणजे रक्तातून आलेलं वाटत होतं त्यातलं बरंचसं दुधातून येत होतं. दुधात होता एक विषाणू. तुम्ही मुंबईत याच गुंत्याचा माग काढलात: वारसा, हार्मोन आणि विषाणू एकमेकांच्या साथीने कर्करोगाची शक्यता कशी वाढवतात. एकच कारण शोधून मोकळं व्हायची घाई तुम्ही केली नाहीत. मला तुमच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी.

त्या विषाणूचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. १९८२ मध्ये, म्हणजे तुम्हाला पद्मभूषण मिळालं त्याच वर्षी, रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवलं की हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये जिथे घुसतो त्याच्या शेजारचं एक जनुक जागं होतं आणि गाठ वाढू लागते. त्या जनुकाला आता आम्ही डब्ल्यूएनटी-१ म्हणतो. गर्भाची घडण ज्या संदेशांवर होते त्यांतलंच हे एक. आणि त्याच संदेशमार्गातला बिघाड माणसाच्या आतड्याच्या कर्करोगात पावलोपावली सापडतो. विषाणूच्या डीएनएवर हार्मोनला प्रतिसाद देणारी जागा असते, हेही त्याच सुमारास कळलं. हार्मोन आणि विषाणू यांचा जो संबंध तुम्ही उंदरांत पाहत होता, तो अक्षरशः डीएनएवर लिहिलेला निघाला.

गोष्ट इथे संपत नाही. १९९१ मध्ये लक्षात आलं की हा विषाणू ‘सुपरअँटिजेन’ नावाचं एक प्रथिन बनवतो. बी-पेशी आणि टी-पेशी या शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. पिल्लू दूध पितं, विषाणू आतड्यातल्या बी-पेशींत शिरतो, आणि या प्रथिनाच्या जोरावर टी-पेशींना मोठ्या संख्येने चेतवतो. चेतलेल्या टी-पेशी बी-पेशींना वाढायला मदत करतात आणि विषाणूला आयतं घर मिळतं. ज्या सैन्याने त्याला मारायचं, त्याच सैन्याच्या खांद्यावर बसून तो स्तनापर्यंत पोहोचतो. कर्करोगाचं जनुकशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगते. त्यांना ती परदेशातली वाटते, तेव्हा परळच्या उंदरांचा उल्लेख मी मुद्दाम करते. पुढे तुम्ही कर्करोगजनन, पेशीशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे तिन्ही विभाग तुमच्या संस्थेत, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी), उभे केलेत, तेही सांगते.

आता टिश्यू कल्चरविषयी. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये तुम्ही जॉर्ज गाय यांच्याकडे काम केलंत. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या कर्करोगाच्या पेशी, ज्यांना जग ‘हेला’ म्हणून ओळखतं, १९५१ मध्ये ज्या प्रयोगशाळेत वाढल्या तीच ही प्रयोगशाळा. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवायची विद्या घेऊन तुम्ही परत आलात आणि देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मुंबईत उभी केलीत. आज आमच्या कल्चर रूममध्ये तयार मीडियाच्या, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाच्या, बाटल्या फ्रीजमध्ये रांगेने असतात, इन्क्युबेटर ३७ अंशांवर आपोआप राहतो, तरी जरा लक्ष ढळलं की बुरशी येते. यातलं काहीच सहज मिळत नव्हतं त्या दिवसांत तुम्ही ते केलंत, आणि दुसऱ्यांना शिकवलंत.

त्याच विद्येतून कुष्ठरोगावरची लस निघाली. कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून तुमच्या गटाने वेगळा केलेला आणि वाढवलेला जीवाणू तुमच्या संस्थेच्याच नावाने, ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून ओळखला जातो. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत त्यापासून बनवलेल्या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. क्षयरोगाच्या बीसीजी लसीने एकटीने साधारण ३४ टक्के. कर्करोगाच्या प्रयोगशाळेने कुष्ठरोगाकडे कशाला बघायचं, असं तुम्ही म्हणाला नाहीत.

आणि टी-पेशी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात नवं जनुक घालायचं, त्या बाहेर वाढवायच्या आणि परत रुग्णाला द्यायच्या. जनुक आत नेण्यासाठी वापरतात तो निष्प्रभ केलेला विषाणू तुमच्या उंदरांच्या विषाणूच्याच कुळातला, रेट्रोविषाणू. रक्ताच्या कर्करोगाचे काही रुग्ण, ज्यांच्यावर बाकी सारे उपचार करून झाले होते, यामुळे बरे होऊन घरी गेले. पेशी बाहेर वाढवणारे हात या शहरात पिढ्यानपिढ्या तयार होत आले नसते, तर हे इथे होणं फार अवघड गेलं असतं.

माझ्या कामात अजून तितकं सांगण्यासारखं नाही. भारतीय संशोधकांनी २०१३ मध्ये गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगाची जनुकं वाचली, तंबाखू चघळणाऱ्या आपल्या लोकांचा हा कर्करोग. त्यात वारंवार बिघडलेलं एक जनुक सापडलं, कॅस्प-८. मारेकरी टी-पेशी एखाद्या पेशीला मरायचा निरोप देते तेव्हा तो निरोप अमलात आणणाऱ्या यंत्रणेतलं हे जनुक. ते बिघडलं की निरोप पोहोचूनही पेशी मरत नाही. अशा गाठींना मारायचा दुसरा रस्ता कोणता, यावर मी काम करते आहे. उत्तर मिळेल तेव्हा मिळेल. वारसा, हार्मोन, विषाणू असे तीन धागे एकदम हातात धरायचा तुमचा धीर मला इथे रोज लागतो.

शेवटचे आभार विज्ञानाचे नाहीत, पण माझ्या घरी तेच सर्वांत मोठे मानले जातात. १९७३ मध्ये तुम्ही सहकारी स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केलीत. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणासाठी ज्या तळमळीने फिरलात, तीच तळमळ संघटनेच्या कामातही होती. या संघटनेचं वाशीला वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. मला खारघरला पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला होता: राहणार कुठे? सांगलीहून आलेल्या मुलीला रात्री उशिरा कल्चर आटोपून परतायला सुरक्षित खोली मिळाली, म्हणून शिक्षण पुरं झालं. पुढे लेकीला त्या पाळणाघरात ठेवून मी प्रयोग केले. यंदा माझी एक विद्यार्थिनी नंदुरबारहून आली आहे. तिच्या वडिलांचा फोन आला, त्यांचाही प्रश्न तोच होता. मी त्यांना वाशीचा पत्ता दिला, आणि ही जागा कोणी उभी केली तेही सांगितलं.

तुमची ऋणी,
एक कर्करोग संशोधक
खारघर, नवी मुंबई