रोल फोडायचा की ठेवायचा?

संपादक साहेब, कोऱ्या (चलनात न वापरलेल्या) नाण्यांचे रोल, म्हणजे गुंडाळलेल्या चळती, ग्रेडिंगला (फी घेऊन नाण्याच्या स्थितीला गुण देतात ते) पाठवू का विकून टाकू असं हल्ली बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. ग्रेडिंगचं स्केल 70 चं, 60 पासून वर सगळी कोरीच, पण आजकालच्या नाण्याला जास्तीचा भाव बहुतेक 69-70 लाच मिळतो आणि टाकसाळीतच ती एकमेकांवर आपटून ओरखडे पडलेले असतात हो! मी एक रोल फोडला, कडेला धरून एकेक भिंगाखाली बघितलं, चाळीसात जेमतेम दोन बरी निघाली, बाकीच्यांवर फी कशाला घालवायची? दर्शनी किमतीला घेतलेला रोल ठेवा खुशाल, फक्त पीव्हीसीच्या पाकिटात नको, हिरवा चिकट थर चढतो. आणि पुसूबिसू तर अजिबात नका.

- एक नाणेवेडा वाचक