एक झोका जास्त

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय विजू,

परवा फोनवर मी तुला नुसतं 'बघतो' म्हणालो. माझ्या 'बघतो'चा अर्थ तुला शाळेपासून माहीत आहे, तेव्हा तू वैतागला असणार. पण समोर बारावीच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि तुझा प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यातला नव्हता. आज गठ्ठा मॉडरेटरकडे गेला, नीता माहेरी गेलीय, पंखा गरम हवा फेकतोय. सावकाश लिहितो.

तू म्हणालास, चिऊला सायन्सला जायचंय, संशोधन करायचं म्हणते, तर दहावीनंतर ठाण्याला पाठवतो, एखादा चांगला इंटिग्रेटेड बघून ठेव. राहायचं म्हणशील तर घर तिचंच आहे, त्यावर बोलणंच नको. अडतंय ते इंटिग्रेटेडपाशी.

इंटिग्रेटेड म्हणजे नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि मूल सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये. कॉलेजचं दर्शन अ‍ॅडमिशनला, मग थेट बारावीच्या प्रॅक्टिकलला. निकालाच्या दिवसांत गोखले रोडवरून चक्कर मार, खांबाखांबावर पोरांचे फोटो असतात. ज्यांचे फोटो नाहीत त्यांचं काय झालं ते कुठलाच खांब सांगत नाही. क्लासवाल्यांना शिव्या घालत नाहीये मी. त्यांतले दोघं-तिघं माझ्याहून बरं शिकवतात. जेईई किंवा नीटमध्ये वरचा नंबर काढायचा तर तेवढा घासून सराव लागतोच, तो आम्ही कॉलेजात करून घेत नाही, हेही खरं.

आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे? फिजिक्सच्या १०० मार्कांतले ३० प्रॅक्टिकलचे. ते ३० जवळजवळ सगळ्यांना मिळतात. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून छापलेलं असतं. पोरं आधी उत्तर ठरवतात, मग त्यावरून उलटं गणित करून रीडिंग बनवतात. चौथं रीडिंग मुद्दाम जरासं चुकवायचं, म्हणजे खरं वाटतं, ही युक्ती मला एका पोरानंच सांगितली. मी चौदा वर्षं असल्या जर्नलांवर सह्या ठोकल्या. वर्गात नव्वद पोरं, चालू असलेले स्टॉपवॉच सहा, अशी कारणं माझ्याकडे होती. अजून आहेत.

मग एकदा ठाणे स्टेशनच्या पुलावर जुना विद्यार्थी भेटला. चांगल्या कॉलेजात बीएस्सीला गेला होता, बारावीला मार्क उत्तम. म्हणाला, पहिल्याच प्रॅक्टिकलला स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण फोकस करता येईना. आधी लांबचं काहीतरी बघून ती जुळवून घ्यायची असते हेच माहीत नव्हतं. पोरगा हसत सांगत होता. शेवटी म्हणाला, "जर्नलमध्ये हा प्रयोग होता सर. तुमची सही पण आहे." मागून लोंढा आला, तो निघून गेला. मी मात्र त्या दिवशी कल्याणला जायच्या ऐवजी चुकीच्या फलाटावर उतरलो.

तेव्हापासून शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवतो. जर्नल नाही, मार्क नाहीत, वाटलं तर या. पहिल्या शनिवारी चार जण आले, त्यातले दोघं पंख्याखाली डबा खायला. उरलेल्यांत विटाव्याची एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीच्या वर्गात तोंड उघडायची नाही. तिला साधा दोलक दिला. पितळी गोळा, दोरा, मीटरपट्टी, स्टॉपवॉच. लांबी एक मीटर ठेव, वीस झोक्यांचा वेळ घे, 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढ.

उत्तर आलं १०८५, सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गात. पुस्तकात ९८०. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खोडरबराकडे. म्हटलं, खोडू नकोस, पुन्हा कर. पुन्हा केलं, १०८२. लांबी चुकली म्हणावं तर दहा सेंटिमीटर चुकायला हवी होती, आणि तिनं तर गोळ्याच्या मध्यापर्यंत नीट मोजली होती. काय होतंय ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. जीभ चावून गप्प बसलो. विजू, आमच्या धंद्यात याच्याइतकं अवघड काही नाही.

तासभर तिची चिडचिड झाली. मग आपणहून तिनं झोक्यांची संख्या बदलली. दहा झोके घेतले, 'जी' १२०० च्या वर गेला. चाळीस घेतले, १०३० च्या आसपास आला. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून वहीकडे टक लावून बसली, आणि म्हणाली, "सर, झोके जास्त घेतले की चूक लहान होते. म्हणजे दर झोक्याला चूक होत नाहीये. एकदाच कुठेतरी होतेय." मिनिटभर गेलं. "आपण एक झोका जास्त मोजतोय."

स्टॉपवॉच दाबताना ती 'एक' म्हणायची. म्हणायला हवं 'शून्य'. तिचे वीस झोके म्हणजे खरे एकोणीस. शून्यापासून मोजलं आणि ९७७ आलं. आपल्याकडचं मूल्य ९७९ च्या जवळपास आहे, पुस्तकातलं ९८० ही गोळाबेरीज. १०८५ ची ओळ तिनं खोडली नाही, शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलं. मी सह्या केलेल्या हजारो पानांत तसं एकही पान नव्हतं.

गंमत बघ, 'ऑसिलेशन' हा शब्द तिला अजून जड जात होता. डोकं चाललं ते 'झोका' या शब्दात. मराठी माध्यमातल्या पोरांना अकरावीत पहिले सहा महिने भाषाच खाते, आणि आपण म्हणतो पोरगं सायन्सला झेपत नाही. चिऊ सेमीत आहे, तिला हा त्रास कमी होईल.

आता ही मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. आयसरची, म्हणजे विज्ञान-संशोधनाच्या सरकारी संस्थांची, परीक्षा दिली होती, नाही झालं. यशोगाथा पाहिजे असेल तर माझ्याकडे नाही.

मागच्या हिवाळ्यात परवानगी काढून वीसेक पोरांना नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत नेलं. ठाण्याहून पनवेल लोकल, निम्मी पोरं ऐरोलीपासून खाडीतले फ्लेमिंगो शोधत खिडकीला. तिथली गोष्ट तुला सांगायलाच हवी. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आधी कुलाब्याला होती, १८४१ पासून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह आला की त्याचं चुंबकीय क्षेत्र येणार आणि मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं. ट्रामसाठी वेधशाळेनं गाव सोडलं म्हण. त्याआधी, १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून मोठं चुंबकीय वादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या माणसांनी डोळ्यांनी रीडिंग घेऊन हातानं वहीत उतरवली होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (ते मोजायचं एकक) घसरण. असला आकडा त्यांनी आधी बघितलेला नसणार. तरी लिहिला. २००३ साली आपल्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला. परतीच्या गाडीत एक पोरगा म्हणाला, "सर, त्यांनी आमच्यासारखी रीडिंग बनवली असती तर?" मी काही बोललो नाही. जुईनगर आलं होतं.

बरं, आता कामाचं. संशोधन म्हणजे काय भानगड आहे ते वहिनींनाही वाचून दाखव. बारावीनंतर आयसर, देशात सात आहेत, पुण्याचं २००६ पासून. तिथे जायला आयएटी नावाची वेगळी परीक्षा असते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, प्रत्येकी १५ प्रश्न, चारही विषयांचे. म्हणून अकरावीला बायो किंवा मॅथ्स सोडायला देऊ नकोस, आणि मार्क चांगले पडतात म्हणून बायफोकलकडेही, म्हणजे व्यावसायिक विषयाकडे, ढकलू नकोस. दुसरी परीक्षा नेस्ट, त्यातून आयसरसारख्याच दोन संस्था, भुवनेश्वरचं नायसर आणि आपल्या कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं. दोन्हीकडे पाच वर्षांचा अभ्यासक्रम. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. नेटची परीक्षा निघाली तर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, महिन्याला ३७,००० रुपये. म्हणजे पोरगी अठ्ठावीसची होईस्तोवर शिकतच असणार, आणि तोपर्यंत लग्नाचं विचारणारे नातेवाईक तू सांभाळायचे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि बेसिक सायन्सला गेली तर इन्स्पायरची वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती आहे.

हे सगळं नाही जमलं तरी आभाळ कोसळत नाही. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये माझे किती विद्यार्थी आहेत. त्यातली एक सांगत होती, तिथे खोडरबर, व्हाइटनर काही चालत नाही. रीडिंग चुकलं तर त्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. तिला पहिल्याच महिन्यात खाडाखोडीवरून बोलणी बसली. कॉलेजात अकरा प्रयोग खोडून-खोडून सुंदर केलेले, कुणाकडून ते सांगायला नको.

तर माझं मत विचारशील तर चिऊला अकरावी-बारावी चिपळुणातच करू दे. सीईटीचं टेन्शन घेऊ नकोस, त्याचे ८० टक्के प्रश्न बारावीवरच असतात, उणे मार्क नाहीत, बोर्डाचा अभ्यास नीट केला तर निघते. कॉलेज निवडताना निकालाचे आकडे विचारू नकोस. लॅबच्या असिस्टंटला गाठ, चहा पाज, आणि विचार की गेल्या वर्षी किती बल्ब फुटले, किती ब्युरेट तुटल्या. एकही नाही म्हणाला तर दुसरं कॉलेज बघ. जेईईचं खूळ असेल तर गोष्ट वेगळी, मग ठाण्याचंच बघू, पण ते तिच्या तोंडून येऊ दे, तुझ्या नको.

मे महिन्यात मात्र तिला पंधरा दिवस इकडे पाठव. शनिवारी लॅबला येईल, एक दिवस मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बाहेरून तरी दाखवीन, विज्ञान ऑलिम्पियाडची शिबिरं तिथेच होतात. आणि यायच्या आधी एक काम सांग तिला. माळ्यावर तुमचं जुनं पितळी कुलूप असेल, वाड्याचं. दोरा बांधून वाशाला टांगायचं, मोबाइलवर वेळ घ्यायची, चिपळूणचा 'जी' काढून आणायचा. सगळी वही आणायची, नुसतं शेवटचं पान नको.

तुझा,
दिल्या

ता. क. शून्यापासून मोजायचं ते तिला आधी सांगू नकोस.