तक्रार: तुमच्या ‘शुगर-फ्री’ पपी ट्रीटमध्ये गोडवा कशाचा आहे, ते लेखी कळवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि गुणवत्ता विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरशी बोलून फोन ठेवला आहे. पुन्हा फोन करणार नाही, म्हणून हे लेखी पाठवते आहे.

माझा प्रश्न एकच आहे आणि पहिल्या फोनपासून तो बदललेला नाही. पिल्लांना शिकवताना द्यायची चिकनची बिस्किटं तुम्ही विकता. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत ‘शुगर-फ्री’ लिहिलं आहे आणि मागे घटकांच्या यादीत ‘मान्यताप्राप्त स्वीटनर’ एवढंच. कोणतं स्वीटनर? त्याचं नाव नाही, आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थात घातलेल्या द्रव्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नाही. ते झायलिटॉल आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं आहे.

हे का विचारते ते तुमच्या गुणवत्ता विभागाला समजावण्याची गरज नसावी. पण तुमच्या फोनवरच्या माणसांना ते ठाऊक नाही, म्हणून लिहिते. झायलिटॉल माणसाला चालतं. शुगर-फ्री च्युइंग गममध्ये, काही टूथपेस्टमध्ये असतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की शरीरात एकदम भरमसाट इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर तासाभरात, कधी त्याच्याही आत कोसळते. कुत्रा ओकतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात. वजनाच्या किलोमागे साधारण ०.१ ग्रॅम एवढ्यानंही हे होऊ शकतं. ०.५ ग्रॅमपर्यंत गेलं तर यकृत निकामी होण्याची भीती. आमचा टिप्या सहा किलोचा आहे, म्हणजे त्याला ०.६ ग्रॅम पुरेसं आहे. ही चिमूट तुमच्या पाकिटात आहे की नाही, एवढंच मला हवं आहे.

टिप्या चार महिन्यांचा गावठी कुत्रा आहे. आमच्या घरात मांस शिजत नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यात पनीरचे तुकडे खिशात घेऊन बाहेर पडलं तर अर्ध्या तासात आंबतात. म्हणून चिकनचा वास असलेलं, कोरडं, बाहेर नेता येईल असं काही हवं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री कुणीतरी कोंबडीची हाडं टाकून जातं. शिजवलेलं हाड चावताना त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात, त्या घशात अडकतात, आतडं फाडतात. त्यामुळे बाकी काही नाही आलं तरी ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं टाकणं टिप्याला यायलाच हवं. ते शिकवायचं तर हाडापेक्षा चांगलं काहीतरी माझ्या हातात पाहिजे. तुमचं पाकीट त्यासाठी घेतलं. मागची यादी वाचली आणि ते तसंच बाजूला ठेवलं.

आता आजचा फोन. संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड होतं असं सुरुवातीला सांगतात, तेव्हा ते काढून ऐकाच.

मी म्हटलं, “स्वीटनर का नाम बताइए.” तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मैडम, सब नैचुरल है.” झायलिटॉलसुद्धा मक्याच्या कणसांच्या बुरकुंडापासून, बर्चच्या लाकडापासून काढतात, तेव्हा नैचुरल म्हटल्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं होल्डवर टाकलं. बराच वेळ ती धून ऐकल्यावर परत येऊन म्हणाला, “मैडम, एफएसएसएआय से पास है.” एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरण ज्या कायद्याखाली चालतं, त्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. मग हे पास कुणी केलं आणि कशाखाली? यावर शांतता. मग त्यानं विचारलं, “आपके पपी को कुछ हुआ है क्या?” मी म्हटलं, नाही, मी खाऊच घातलेलं नाही. “जब कुछ हुआ ही नहीं, तो शिकायत किस बात की?”

हे वाक्य तुमच्या कंपनीच्या फोनवरून मला ऐकवलं गेलं आहे. पिल्लाला झटके आल्यावरच माझी तक्रार तक्रार ठरणार का? त्याला दवाखान्यात सलाइन लावलेलं असताना मी फोन करायचा होता? मी पुन्हा म्हटलं, निदान वरिष्ठांशी बोलू द्या. त्यावर, “मैडम, डॉगी का बिस्किट है, कोई दवाई थोड़ी है. इतना ही डर है तो रोटी खिलाइए.” आणि फोन बंद. दोनच मिनिटांत मोबाइलवर निरोप आला: तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या. निराकरण कुठलं झालं? गोडवा कशाचा, हे मला अजूनही माहीत नाही.

पाकीट हातात आहेच, तर उरलेलंही लिहिते. पुढे कोंबडीची तंगडी छापली आहे आणि यादीत पहिलं नाव मैद्याचं आहे. शेवटी नुसतं ‘फ्लेवर’ लिहिलं आहे. त्यात कांद्याची किंवा लसणाची पूड आहे का? दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. प्रथिनं, स्निग्धांश, ओलावा यांचे आकडे आहेत, पण एका बिस्किटात कॅलरी किती ते नाही. ट्रीट दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, हे कुठलाही पशुवैद्य सांगतो. आमच्या डॉक्टरांनी टिप्याच्या दिवसाला ५५० च्या आसपास कॅलरी धरल्या आहेत, म्हणजे ट्रीटच्या वाट्याला पंचावन्न. शिकवायला बसलं की वीस-पंचवीस तुकडे सहज जातात. एक तुकडा दोन कॅलरींच्या वर गेला तर पिल्लू जेवणच सोडेल. हा हिशोब मी कशावरून करायचा?

आणि तुकडा कसला! दोन बोटं रुंद, बोटांनी तुटत नाही. शिकवताना द्यायचा तुकडा मटाराच्या दाण्याएवढा आणि मऊ हवा. पिल्लू खाली बसलं की क्षण-दोन क्षणांत तो त्याच्या तोंडात जावा, गिळून होताच त्यानं पुन्हा आपल्याकडे बघावं. एवढं कडक बिस्कीट फोडत बसलं की शाबासकी कशाबद्दल मिळाली ते पिल्लू तोवर विसरलेलं असतं. चार महिन्यांला दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या हुळहुळ्या असतात. तुम्ही पाकिटावर ‘पपी’ लिहिता, ‘ट्रेनिंग’ लिहिता. कुठल्याही पिल्लासमोर ही बिस्किटं कुणी ठेवून पाहिली होती का?

मला वाईट याचं वाटतं की आमच्या आधीच्या मोत्याला शेवटपर्यंत तुमचंच खाणं होतं. गल्लीत कुणी नवं पिल्लू आणलं की मी तुमचं नाव सांगत होते. सध्या टिप्याला घरात उकडलेल्या लाल भोपळ्याचे आणि गाजराचे बारीक तुकडे देते, सकाळच्या गारव्यात फिरायला नेताना पनीर. ‘बस’ आणि ‘ये’ त्याला येऊ लागलं आहे. पण हाडाच्या मोबदल्यात तो गाजर घेत नाही, आणि ‘सोड’ अजून अडलेलं आहे.

मला लेखी उत्तर हवं आहे, ग्राहक सेवेच्या ठरावीक मजकुरातलं नको, गुणवत्ता विभागाच्या सहीचं. स्वीटनरचं नाव आणि प्रमाण. फ्लेवरमध्ये काय आहे. एका बिस्किटाच्या कॅलरी. झायलिटॉल असेल तर तो सगळा माल आजच्या आज दुकानांतून परत घ्या, कारण ‘शुगर-फ्री’ वाचून भलेपणानं विकत घेणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांतली फार थोडी पाकीट उलटं करून बघतात. नसेल तर तसं पाकिटावर छापा. दोन शब्दांचं काम आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून मी इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वस्तूचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं मला दिला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. पाकीट, बिल आणि तुमचा तो पाच ताऱ्यांचा निरोप मी जपून ठेवला आहे.

आपली ग्राहक,
रामबाग, इंदूर

ता. क. मागच्या तक्रारीनंतर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं होतं. पुन्हा पाठवू नका. ज्यात काय आहे ते मला कुणी सांगत नाही, ती वस्तू मी स्वस्तातही घेणार नाही.