इटालियन रणगाड्यांची चेष्टा थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत उत्तर आफ्रिकेतल्या दुसऱ्या महायुद्धावरचा लेख वाचला. जर्मन सेनापती रोमेल आहे, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी आहे, सगळं ठीक, पण इटालियन सैन्याचा विषय निघाला की तोच जुना जोक, म्हणे त्यांच्या रणगाड्यांना रिव्हर्स गिअरच जास्त. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण याच रणगाड्यांशी लढताना आपले जवान गेलेत.

२७ मे १९४२. लिबियात बीर हाकीमजवळ पॉइंट १७१ नावाच्या जागी आपली थर्ड इंडियन मोटर ब्रिगेड होती, म्हणजे सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी, एटीन्थ कॅव्हलरी आणि सोबत सेकंड फील्ड रेजिमेंटच्या तोफा. नुकतेच तिथे पोचलेले, स्वतःचा एकही रणगाडा नाही, आणि सकाळी साडेसहाच्या सुमाराला इटलीच्या आरिएते या आर्मर्ड (रणगाड्यांच्या) डिव्हिजनमधल्या १३२व्या टँक रेजिमेंटच्या बटालियन अंगावर आल्या. ब्रिगेडियर फिलोज यांनी वायरलेसवर कळवलं की समोर अख्खी जर्मन आर्मर्ड डिव्हिजन आहे. होते ते इटालियन! आपल्या तोफखान्याने त्यांचे बरेच रणगाडे फोडले, पण शेवटी ब्रिगेड तुडवली गेली, मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ४४०, आणि कैदी झाले ते शेकड्यांनी. पुढे आपले लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम त्या दिवशीच्या लढाईसाठी डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवून गेले, हे तरी किती जणांना माहीत आहे?

त्याच दिवशी इटालियनांच्या या १३२व्या रेजिमेंटची नववी बटालियन तशीच पुढे बीर हाकीमला ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंचांच्या ठाण्यावर धडकली, सुरुंग आणि अँटीटँक तोफांपुढे ३० च्या वर रणगाडे गेले, कमांडर प्रेस्तिसिमोने कैद झाला. याला पळपुटेपणा म्हणायचं का?

आणि लढत कशात होते ते पण बघा. एम १३/४० म्हणजे साधारण १४ टनांचा रणगाडा, इंजिन १२५ हॉर्सपॉवरचं, चिलखताचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले, त्यामुळे बाहेरून गोळा बसला की रिव्हेट तुटून आतल्या चौघांच्याच अंगात घुसायचे. पोरं पुढच्या बाजूला वाळूच्या गोण्या लावून निघायची, एवढंच काय ते जादाचं संरक्षण. तरी १९ नोव्हेंबर १९४१ ला लिबियातल्याच बीर एल गुबीला याच रेजिमेंटने ब्रिटिशांच्या २२व्या आर्मर्ड ब्रिगेडचे क्रुसेडर रणगाडे अडवले, तेव्हा रेजिमेंट उभी राहून जेमतेम अडीच महिने झालेले.

४ नोव्हेंबर १९४२, इजिप्तमधलं अल अलामीन. आरिएतेचा शेवटचा वायरलेस निरोप असा की शत्रूचे रणगाडे दक्षिणेकडून घुसलेत, आम्ही वेढले गेलोय, आरिएतेचे रणगाडे लढतायत. त्यानंतर ती डिव्हिजन संपलीच. रोमेलने स्वतः लिहून ठेवलंय की इटालियनांच्या तुटपुंज्या शस्त्रांत जेवढं शक्य होतं त्याहून जास्त आम्ही त्यांच्याकडून मागत आलो. लेखात रोमेलचं कौतुक दोन कॉलम आहे, पण त्याचं हे म्हणणं नाही.

इटलीत मात्र अशा सैनिकांची नावं पुसलेली नाहीत. १९७५ च्या फेररचनेत टँक बटालियनना स्वतंत्र करून सुवर्णपदक मिळवलेल्या सैनिकांची नावं दिली, आणि आठवी बटालियन आजही सेक्कियारोली या नावाने ईशान्य इटलीत कोर्देनोन्सला १३२व्या रेजिमेंटमध्येच आहे.

इटली म्हटलं की आपल्याला तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आठवतात, आठवलेच पाहिजेत. पण ते १९४४-४५ चं, समोर जर्मन होते. त्याच्या आधी वाळवंटात इटालियन रणगाड्यांसमोर आपल्या ज्या रेजिमेंट उभ्या राहिल्या त्यांच्यावर मराठीत फार कमी येतं, आणि आपण समोरच्याला भित्रा ठरवला तर त्याच्याशी झुंजलेल्या आपल्या माणसांची पण किंमत कमी होते ना. तेव्हा विनंती एवढीच की येत्या २७ मे ला पॉइंट १७१ वर एक सविस्तर लेख छापा, दोन्ही बाजूंचा, नकाशासकट.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा